फ्रेड अस्टेअर : प्रेमकथेला पावलांची भाषा देणारा कलावंत

मुंबई, १० मे : अंगात काळा टेलकोट, गळ्यात पांढरा बो, डोक्यावर उंच हॅट आणि हातात छडी. रुपेरी पडद्यावर हा सडपातळ माणूस सहज म्हणून चालू लागे आणि त्या चालण्याचे नृत्य नेमके कोणत्या क्षणी झाले, हे प्रेक्षकांच्या ध्यानातही येत नसे. हॉलिवूडच्या प्रणयरम्य संगीतपटांची मोहिनी ज्या मोजक्या कलावंतांच्या नावाशी कायमची जोडली गेली, त्यांत फ्रेड अस्टेअर यांचे नाव अग्रभागी आहे. आज त्यांची जयंती.

चेहऱ्यामोहऱ्याने अस्टेअर रूढ अर्थाने नायक नव्हते. कपाळ मोठे, कान पुढे आलेले, हनुवटी लांबट, केस विरळ होत चाललेले आणि आवाज बारीक. तरीही १९३०च्या दशकात जगभरातील लक्षावधी प्रेक्षकांनी प्रेमाच्या कल्पनेला त्यांचेच रूप दिले. पडद्यावर दिसणारी त्यांची बेफिकिरी मात्र अपार कष्टांतून आणि कधीही न शमलेल्या काळजीतून घडलेली होती. प्रेक्षकाला श्रमाचा मागमूसही लागू नये यासाठीच त्यांचे सारे श्रम असत.

अस्टेअर यांचा जन्म १० मे १८९९ रोजी अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरात झाला. त्यांचे मूळ नाव फ्रेडरिक ऑस्टरलिट्झ. वडील ऑस्ट्रियातील लिंझ येथून अमेरिकेत आलेले आणि ओमाहातील मद्यनिर्मितीच्या व्यवसायात नोकरीला होते. आई ॲन जर्मन स्थलांतरितांच्या कुटुंबातील. घरातील खरी गुणी मुलगी म्हणून सर्वांचे लक्ष होते ते फ्रेडपेक्षा पावणेतीन वर्षांनी मोठ्या असलेल्या ॲडेलकडे. ती नृत्य शिकू लागली आणि धाकटा भाऊ तिच्यामागोमाग शिकवणीला जाऊ लागला. त्यांच्या नृत्यजीवनाचा आरंभ असा बहिणीचे बोट धरून झाला.

मुलांच्या गुणांना मोठ्या शहरातच वाव मिळेल, या विश्वासाने आई १९०५ मध्ये दोघांना घेऊन न्यूयॉर्कला आली. वडील नोकरीसाठी ओमाहातच राहिले. त्याच वर्षी मुलांनी अस्टेअर हे आडनाव धारण केले आणि न्यू जर्सीतील कीपोर्ट या गावी त्यांचा पहिला व्यावसायिक प्रयोग झाला. रंगमंचावर लग्नाचे दोन भलेमोठे केक उभारलेले, त्यांवर विजेचे दिवे लावलेले आणि त्यावर वधूवरांच्या वेशात ही भावंडे नाचत. सहा वर्षांच्या फ्रेडच्या डोक्यावर तेव्हाही उंच हॅट होती. पुढे जी हॅट त्यांची ओळख ठरली, ती अशी बालपणीच त्यांच्या वाट्याला आली होती.

त्यानंतरची वर्षे रेल्वेच्या डब्यांत, स्वस्त खोल्यांत आणि गावोगावच्या रंगमंचांवर गेली. नृत्य, गाणी, विनोद आणि कसरती एकाच कार्यक्रमात सादर करणाऱ्या व्होडव्हिल या लोकप्रिय प्रकारात ही जोडी फिरत राहिली. वाढत्या वयात ॲडेल भावापेक्षा बरीच उंच झाली आणि जोडी विजोड दिसू लागली. बालकलाकारांवरील कायदेशीर निर्बंधांचाही प्रश्न होता. त्यामुळे सुमारे दोन वर्षे काम थांबवावे लागले. परतल्यावर त्यांनी टॅप आणि बॉलरूम नृत्याचे नवे धडे घेतले. धातूची पट्टी लावलेल्या बुटांच्या तळव्यांतून ताल उमटवणारे टॅप नृत्य ही पुढे अस्टेअर यांची खास ओळख झाली.

भावंडांचे स्वभाव अगदी परस्परविरोधी होते. ॲडेल हसतमुख, खट्याळ आणि सरावाचा कंटाळा असलेली. रंगमंचावर पाऊल ठेवताच ती प्रेक्षकांना जिंकून घेई. फ्रेड मात्र प्रत्येक पावलाची चिंता करणारा. त्याच्या सततच्या कुरकुरीवरून ॲडेलने त्याला एक चिडवण्याचे नावही ठेवले होते. समीक्षकांची स्तुती बहुतांशी तिच्या वाट्याला येई. नृत्यरचनेची जबाबदारी हळूहळू फ्रेडकडे आली. तरी प्रेक्षकांच्या दृष्टीने तो ॲडेलचा भाऊच होता.

१९१७ मध्ये ‘ओव्हर द टॉप’ या प्रयोगाद्वारे ही जोडी ब्रॉडवेवर पोहोचली. १९२३ मध्ये लंडनमध्ये ‘स्टॉप फ्लर्टिंग’ या प्रयोगाने त्यांना अफाट लोकप्रियता दिली. १९२४ मधील ‘लेडी, बी गुड’ आणि १९२७ मधील ‘फनी फेस’ या जॉर्ज आणि आयरा गर्श्विन यांच्या संगीतिकांनी त्यांना अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर अग्रगण्य कलावंतांच्या पंक्तीत नेऊन बसवले. १९३१ मधील ‘द बँड वॅगन’ हा दोघांचा अखेरचा नवा प्रयोग ठरला. १९३२ मध्ये ॲडेलने रंगभूमीचा निरोप घेतला आणि इंग्लंडमधील डेव्हनशायरच्या ड्यूकचे चिरंजीव लॉर्ड चार्ल्स कॅव्हेंडिश यांच्याशी विवाह केला.

सत्तावीस वर्षांची साथ संपली, तेव्हा अस्टेअर ३३ वर्षांचे होते. बहिणीविना ते उभे राहू शकतील का, हा प्रश्न केवळ टीकाकारांनाच नव्हे, तर त्यांना स्वतःलाही पडला होता. परंतु या वियोगात एक शक्यताही दडलेली होती. सहनर्तिका सख्खी बहीण असल्याने त्यांच्या नृत्यात खेळकरपणा असे, गंमत असे. प्रणयाला मात्र तेथे जागा नव्हती. ॲडेल दूर गेल्यानंतरच अस्टेअर यांना प्रेमिकाची भूमिका खऱ्या अर्थाने करता आली.

त्याच वर्षी कोल पोर्टर यांच्या ‘गे डिव्होर्स’ या संगीतिकेत त्यांची नायिका होती क्लेअर लूस. यातील ‘नाइट अँड डे’ या गीतावरील युगुलनृत्यात अस्टेअर यांनी प्रथमच शृंगाराची भाषा पावलांतून मांडली. जुलै १९३३ मध्ये त्यांनी फिलिस पॉटर यांच्याशी विवाह केला आणि त्यानंतर लवकरच दोघे हॉलिवूडला रवाना झाले.

तो काळ महामंदीचा होता. बँका बुडाल्या होत्या, कारखाने बंद पडले होते. आरकेओ या चित्रपटसंस्थेवरही दिवाळखोरीची वेळ येऊन तिचा कारभार जानेवारी १९३३ मध्ये न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकांकडे गेला होता. अस्टेअर यांची पडदाचाचणी पाहून या संस्थेतील निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनी त्यांच्या कानांविषयी आणि हनुवटीविषयी शंका नोंदवली. मात्र त्यांच्या व्यक्तिमत्त्वातील मोहकपणा चाचणीतही लपत नाही, असेही मत दिले. अशा साशंक वातावरणात त्यांचा चित्रपटप्रवेश झाला. आरंभी एमजीएमच्या ‘डान्सिंग लेडी’त जोन क्रॉफर्ड यांच्यासोबत त्यांनी छोटे काम केले आणि त्यानंतर आरकेओच्या ‘फ्लाइंग डाऊन टू रिओ’त ते दिसले.

१९३३ च्या अखेरीस आलेल्या या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत अस्टेअर यांचे नाव पाचव्या क्रमांकावर होते. त्यांच्या आधी, चौथ्या क्रमांकावर, जिंजर रॉजर्स यांचे नाव होते. १९११ मध्ये मिसुरी राज्यात जन्मलेल्या रॉजर्स यांनीही व्होडव्हिल आणि ब्रॉडवेची वाट तुडवली होती आणि पडद्यावर त्या अस्टेअर यांच्याहून अनुभवी होत्या. या दोघांनी कपाळाला कपाळ टेकवून केलेल्या ‘कॅरिओका’ नृत्याने प्रेक्षकांनी चित्रपटाच्या मुख्य जोडीलाही बाजूला सारले. या जोडीचे मोल आरकेओला तात्काळ उमगले.

अस्टेअर मात्र उत्साही नव्हते. एका जोडीदारणीच्या छायेत त्यांचे सारे तारुण्य गेले होते. आता कोठे स्वतंत्र ओळख मिळू लागली असताना पुन्हा जोडीतील अर्धा भाग होऊन राहण्याची त्यांची तयारी नव्हती आणि आपल्या प्रतिनिधीला त्यांनी तसे स्पष्टपणे कळवलेही होते. प्रेक्षकांचा कौल निराळा पडला. १९३४ ते १९३९ या काळात अस्टेअर-रॉजर्स जोडीचे आणखी आठ चित्रपट आरकेओने पडद्यावर आणले.

यातील पहिला, १९३४ चा ‘द गे डिव्होर्सी’, म्हणजे त्यांच्याच रंगभूमीवरील यशाचे चित्रपटरूप. त्यातील ‘नाइट अँड डे’ नृत्याने पुढील चित्रपटांचा साचा निश्चित केला. नायिका निघून जाऊ पाहते, नायक वाट अडवतो. ती पाठ फिरवते, तो पुन्हा समोर येतो. मग नकळत तिची पावले त्याच्या तालाला उत्तर देऊ लागतात. नकार, संकोच, कुतूहल आणि स्वीकार अशा साऱ्या पायऱ्या काही मिनिटांत एकाही संवादाविना ओलांडल्या जातात. नृत्य संपते तेव्हा ती भारावून बसलेली असते आणि तो काही विशेष घडलेच नाही अशा थाटात तिच्यापुढे सिगारेट धरतो.

त्यापूर्वीच्या अनेक संगीतपटांत नृत्य हे कथेला दिलेली विश्रांती असे. वॉर्नर ब्रदर्सच्या चित्रपटांत बस्बी बर्कली हे नृत्यदिग्दर्शक शेकडो नर्तिकांच्या रांगांतून फुलांसारखे आकार साकारत आणि कॅमेरा छतावरून ते टिपत असे. तो भव्य देखावा असे. पण त्यात एका माणसाच्या मनाला स्थान नव्हते. अस्टेअर यांनी याच्या नेमका उलट मार्ग धरला. नृत्य आपल्याला नाचणाऱ्या माणसाविषयी काहीतरी सांगणारे असावे आणि ते झाल्यावर कथा पूर्वीच्या जागी राहू नये, यावर त्यांचा कटाक्ष होता.

चित्रीकरणाचे त्यांचे नियमही ठाम होते. नर्तकांची आकृती डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत दिसलीच पाहिजे. नृत्याच्या मध्येच चेहऱ्याचे किंवा बुटांचे निकटदृश्य नको. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांचे तुकडे नकोत. शक्य तितके सलग चित्रण व्हावे आणि कॅमेऱ्याने नर्तकांसोबत सरकावे. संकलनाच्या आधाराने चूक झाकण्याची सोय त्यांनी स्वतःहून नाकारली होती. दोन-तीन मिनिटांच्या नृत्यात शेवटच्या क्षणी एक पाऊल चुकले, तर सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागे.

यासाठी चित्रीकरणापूर्वी कित्येक आठवडे सराव चाले. त्या खोलीत अस्टेअर यांच्यासोबत असत ते नृत्यदिग्दर्शक हर्मीस पॅन आणि पियानोवादक हॅल बोर्न. टेनेसी राज्यातून आलेल्या, ग्रीक वंशाच्या पॅन यांची अंगकाठी अस्टेअर यांच्यासारखीच होती. नृत्य रचताना पॅन नायिकेची जागा घेत. रचना पक्की झाली की ते रॉजर्स यांना ती शिकवत. चित्रीकरणानंतर बुटांचा आवाज ध्वनिमुद्रण कक्षात स्वतंत्रपणे मुद्रित होई. तेथे अस्टेअर स्वतःची पावले पुन्हा वाजवत आणि रॉजर्स यांच्या वाट्याची अनेकदा पॅन वाजवत.

रॉजर्स यांचे कष्ट याहून कमी नव्हते. नृत्यचित्रपटांसोबतच त्या दरवर्षी अन्य कितीतरी चित्रपटांत काम करत होत्या. उंच टाचांचे बूट आणि जड पोशाख सांभाळत त्यांना तीच अवघड पावले टाकावी लागत. तंत्रात त्यांच्याहून सरस नर्तिका अस्टेअर यांना पुढे लाभल्या. पण नृत्य सुरू असतानाही अभिनय न सोडण्याची जी हातोटी रॉजर्स यांच्यापाशी होती, ती विरळा होती. त्या नाचताना विचार करताना दिसत, विरघळताना दिसत. अस्टेअर यांचे आर्जव खरे वाटे, कारण ते ऐकणारी स्त्री खरी वाटत असे.

१९३५ चा ‘टॉप हॅट’ हा या जोडीचा कळसाध्याय मानला जातो. आयर्व्हिंग बर्लिन यांची गाणी आणि मार्क सँड्रिच यांचे दिग्दर्शन लाभलेला हा चित्रपट त्या दशकातील आरकेओचा सर्वाधिक नफा मिळवणारा चित्रपट ठरला. लंडनमधील उद्यानात वादळी पाऊस सुरू होतो आणि दोघे एका मंडपात आडोशाला येतात. ती त्याच्यावर रागावलेली आहे. तो चालतो, ती त्याच्या चालीची नक्कल करते. तो एक पाऊल टाकतो, ती तेच पाऊल परतवते. पुरुषाने नेतृत्व करायचे आणि स्त्रीने मागे जायचे, हा बॉलरूमचा संकेत येथे मोडतो. ते दोघे बरोबरीने नाचतात आणि अखेरीस एकमेकांशी हस्तांदोलन करतात.

याच चित्रपटातील ‘चीक टू चीक’ नृत्यासाठी रॉजर्स यांनी शहामृगाच्या पिसांनी मढवलेला झगा पसंत केला होता. सरावात प्रत्येक गिरकीला पिसे उडू लागली आणि ती अस्टेअर यांच्या डोळ्यांत, नाकात, कोटावर जाऊन बसू लागली. ते संतापले, पण रॉजर्स यांनी हट्ट सोडला नाही. पिसे अधिक घट्ट शिवण्यात आली, तरीही काही पिसे नृत्यात तरंगताना दिसतात. पडद्यावर आज ते दृश्य पाहताना तो झगा जणू तिसरा नर्तक वाटतो. रॉजर्स यांचा आग्रह रास्त होता, हे अस्टेअर यांनाही मान्य करावे लागले. पुढे त्यांनी रॉजर्स यांना सोन्याचे एक छोटे पीस भेट देऊन भांडण मिटवले.

१९३६ चा, जॉर्ज स्टीव्हन्स दिग्दर्शित ‘स्विंग टाइम’ अनेक अभ्यासकांना याहूनही श्रेष्ठ वाटतो. जेरोम कर्न यांचे संगीत आणि डोरोथी फील्ड्स यांची गीते असलेल्या या चित्रपटाच्या अखेरीस ‘नेव्हर गॉना डान्स’ हे विरहाचे नृत्य आहे. चकाकणाऱ्या काळ्या फरशीवर आणि दोन वळणदार जिन्यांवर दोघे आपल्या सहवासाची जणू उजळणी करतात आणि ती निघून जाते. या नृत्याचा अखेरचा भाग ४७ वेळा चित्रित करावा लागला, असे सांगितले जाते. रात्री उशिरापर्यंत काम चालले. रॉजर्स यांच्या बुटांत रक्त साकळले होते. पडद्यावर यापैकी काहीच दिसत नाही. दिसते ते केवळ दोन प्रेमिकांचे ताटातूट टाळण्याचे अयशस्वी प्रयत्न.

याच चित्रपटात अस्टेअर यांच्या कारकिर्दीवरील एक डागही आहे. थोर कृष्णवर्णीय नर्तक बिल रॉबिन्सन यांना अभिवादन म्हणून रचलेल्या नृत्यात त्यांनी चेहऱ्याला काळा रंग फासला होता. टॅप नृत्याची जडणघडण मुख्यत्वे कृष्णवर्णीय कलावंतांनी केली आणि अस्टेअर यांनी स्वतः जॉन बबल्स यांच्याकडून त्याचे धडे घेतले होते. निकोलस बंधूंच्या नृत्याचे ते मनापासून चाहते होते. तथापि, ज्या काळात अस्टेअर प्रणयनायक म्हणून मिरवत होते, त्या काळात हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटांत या गुरुतुल्य कलावंतांना प्रेमिकाची भूमिका मिळणे अशक्य होते. या संगीतपटांची मोहिनी मान्य करताना ही वस्तुस्थितीही विसरता येत नाही.

गायक म्हणून अस्टेअर यांचा आवाज मर्यादित होता. तरीही बर्लिन, कर्न, पोर्टर आणि गर्श्विन या त्या काळच्या चारही दिग्गज संगीतकारांनी आपली उत्तमोत्तम गाणी त्यांच्यासाठी रचली. शब्दांचे वजन ओळखून, सुरांशी झटापट न करता, बोलता बोलता गाण्यात शिरण्याची त्यांची पद्धत संगीतकारांना भावत असे. बोलणे, गाणे आणि नाचणे यांच्यातील सीमारेषा पुसून टाकणे हेच त्यांच्या शैलीचे मर्म होते.

१९३४ पासून हॉलिवूडमध्ये नीतिसंहितेची कठोर अंमलबजावणी सुरू झाली होती. पडद्यावरील शारीरिक जवळिकीवर बारीक नजर असे. अस्टेअर-रॉजर्स यांच्या चित्रपटांत तर चुंबनदृश्ये जवळजवळ नव्हतीच. ठसठशीत असे पहिले चुंबन आले ते १९३८ च्या ‘केअरफ्री’त, तेही स्वप्नदृश्यात, संथगतीने चित्रित केलेले. पण त्याची उणीव प्रेक्षकांना कधी जाणवली नाही. जे सांगायचे ते नृत्यातून आधीच सांगून झालेले असे.

या चित्रपटांचे चाहते जगभर होते आणि भारतही त्याला अपवाद नव्हता. पुढे ‘पथेर पांचाली’ घडवणारे सत्यजित राय तरुणपणी कोलकात्यात अस्टेअर-रॉजर्स यांचे चित्रपट पुनःपुन्हा पाहत, ते बर्लिन आणि कर्न यांच्या चाली पाठ व्हाव्यात म्हणून. मुंबईत धोबी तलाव येथील मेट्रो चित्रपटगृहाचा पडदा १९३८ मध्ये उघडला, तोही ‘ब्रॉडवे मेलडी ऑफ १९३८’ या संगीतपटाने. त्यातील नायिका एलिनॉर पॉवेल दोनच वर्षांनी याच मालिकेतील पुढच्या चित्रपटात अस्टेअर यांच्यासमवेत नाचल्या.

दशकाच्या अखेरीस लाट ओसरू लागली. १९३८ मध्ये अमेरिकेतील स्वतंत्र चित्रपटगृहांच्या संघटनेने तिकीटबारीवर न चालणाऱ्या ताऱ्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत अस्टेअर यांचेही नाव होते. १९३९ मध्ये जोडी विलग झाली. रॉजर्स यांनी गंभीर भूमिकांकडे मोर्चा वळवला आणि ‘किटी फॉयल’साठी ऑस्कर पटकावले. अस्टेअर यांनी पॉवेल, रीटा हेवर्थ, पॉलेट गोडार्ड यांच्यासमवेत काम केले. पण पूर्वीची जादू पुन्हा साधेल का, ही शंका त्यांना सोडत नव्हती. १९४६ च्या ‘ब्लू स्काइज’नंतर, वयाच्या ४७ व्या वर्षी, त्यांनी निवृत्ती जाहीर केली. घोड्यांच्या शर्यतींचा छंद आणि नव्याने काढलेल्या नृत्यशाळा यांत ते रमले.

ही निवृत्ती दोन वर्षेही टिकली नाही. ‘ईस्टर परेड’चे नायक जीन केली यांचा घोटा मोडला आणि त्यांच्या जागी अस्टेअर यांना पाचारण करण्यात आले. ज्युडी गार्लंड यांच्यासमवेतचा हा चित्रपट १९४८ मध्ये कमालीचा यशस्वी झाला. पुढील चित्रपटाची आखणीही याच जोडीसाठी होती. परंतु प्रकृतीमुळे गार्लंड यांना माघार घ्यावी लागली आणि तेथे आल्या जिंजर रॉजर्स. दहा वर्षांच्या खंडानंतरचा ‘द बार्कलीज ऑफ ब्रॉडवे’ हा या जोडीचा दहावा, अखेरचा आणि एकमेव रंगीत चित्रपट. १९५० मध्ये अस्टेअर यांना विशेष ऑस्कर देण्यात आले, तेही रॉजर्स यांच्याच हस्ते.

पुढच्या काळात त्यांनी तंत्राशीही खेळ मांडला. १९५१ च्या ‘रॉयल वेडिंग’मध्ये प्रेमात पडलेला नायक आनंदाच्या भरात भिंतीवर आणि छतावर नाचतो. त्यासाठी संपूर्ण खोली एका फिरत्या पिंपात उभारली होती आणि कॅमेरा त्या खोलीला जखडलेला होता. खोली फिरे, अस्टेअर मात्र सदैव जमिनीवरच असत. प्रेक्षकाला दिसे तो गुरुत्वाकर्षण विसरलेला माणूस.

व्हिन्सेंट मिनेली दिग्दर्शित ‘द बँड वॅगन’ हा १९५३ चा चित्रपट तर जवळजवळ आत्मचरित्रात्मक वाटतो. लोक विसरू लागलेला एक उतारवयीन नर्तक आणि बॅलेत पारंगत अशी तरुण नर्तिका यांचे सूर जुळत नाहीत. रात्री ते न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये फिरायला निघतात. बराच वेळ दोघे नुसते चालतात. मग एक गिरकी, तिला दुसरीचे उत्तर, आणि सिड शरीस यांच्यासमवेतचे ते नृत्य उलगडत जाते. आपण एकत्र नाचू शकतो का, एवढाच त्या नृत्यातील प्रश्न. दोघे घोडागाडीत परततात, तेव्हा त्याचे उत्तर मिळालेले असते.

यानंतर वर्षभरातच त्यांच्यावर सर्वांत मोठा आघात झाला. ‘डॅडी लाँग लेग्ज’चे काम सुरू असताना, सप्टेंबर १९५४ मध्ये, पत्नी फिलिस यांचे फुफ्फुसांच्या कर्करोगाने निधन झाले. त्या अवघ्या ४६ वर्षांच्या होत्या. गर्दीपासून आणि समारंभांपासून दूर राहणाऱ्या अस्टेअर यांचे सारे विश्व त्या घरात होते. चित्रपट सोडून देण्याची आणि तोवर झालेला खर्च स्वतः भरून देण्याचीही तयारी त्यांनी दर्शवली. पुढे मात्र कामात राहणेच श्रेयस्कर मानून ते परतले. लेस्ली कॅरॉन यांच्यासमवेतच्या त्या आनंदी चित्रपटात नायक हसतो, नाचतो, प्रेमात पडतो. दोन दृश्यांच्या मधल्या वेळात तो माणूस काय सोसत होता, याचा थांगपत्ता पडद्यावर लागत नाही. सहजतेची किंमत किती असते, याचा याहून वेगळा दाखला देण्याची गरज नाही.

१९५७ मध्ये ऑड्री हेपबर्न यांच्यासमवेत ‘फनी फेस’ आणि सिड शरीस यांच्यासमवेत ‘सिल्क स्टॉकिंग्ज’ हे दोन चित्रपट आले. दूरचित्रवाणीने प्रेक्षक घरात खिळवून ठेवला होता, लोकांची संगीताची आवड बदलत होती आणि खर्चिक संगीतपट स्टुडिओंना परवडेनासे झाले होते. प्रणयरम्य संगीतपटाचा तो बहर ओसरत असताना ५८ वर्षांच्या अस्टेअर यांनी त्यातील नायकाची भूमिका सन्मानाने खाली ठेवली. ज्या माध्यमाने हा बदल घडवला, त्याच दूरचित्रवाणीवर १९५८ मध्ये त्यांनी बॅरी चेस यांच्यासमवेत रंगीत नृत्यकार्यक्रम सादर केला आणि त्याला नऊ एमी पुरस्कार लाभले.

उत्तरायुष्यात त्यांनी ‘ऑन द बीच’ आणि ‘द टॉवरिंग इन्फर्नो’सारख्या चित्रपटांत गंभीर भूमिका केल्या. दुसऱ्या चित्रपटासाठी त्यांना ऑस्करचे नामांकनही मिळाले. जॉर्ज बॅलन्शिन आणि रुडॉल्फ नुरेयेव यांच्यासारख्या बॅलेतील श्रेष्ठींनी त्यांची गणना विसाव्या शतकातील महान नर्तकांत केली. १९७८ मध्ये केनेडी सेंटर सन्मान आणि १९८१ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचा जीवनगौरव त्यांना प्राप्त झाला. ज्या बहिणीच्या मागे ते नृत्यात आले, ती ॲडेल १९८१ च्या जानेवारीत निवर्तली. १९८० मध्ये त्यांनी अश्वशर्यतींतील जॉकी रॉबिन स्मिथ यांच्याशी दुसरा विवाह केला होता.

२२ जून १९८७ रोजी लॉस एंजेलिस येथे न्यूमोनियाने अस्टेअर यांचे निधन झाले. ते ८८ वर्षांचे होते. लॉस एंजेलिसमधील चॅट्सवर्थ येथील ओकवुड दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. १९९५ मध्ये जिंजर रॉजर्स यांचे दफनही त्याच भूमीत झाले. जोडी म्हणून ओळखले जाण्यास एकेकाळी नाखूश असलेल्या या कलावंताचे नाव आजही बहुधा रॉजर्स यांच्या नावासोबतच घेतले जाते.

आपल्या आयुष्यावर चित्रपट निघू नये, अशी इच्छा अस्टेअर यांनी मृत्युपत्रात नोंदवून ठेवली होती. खासगी जीवनाचा गैरअर्थ लावला जाण्याची त्यांना भीती होती. त्यामुळे त्यांना भेटायचे तर आजही त्यांच्याच चित्रपटांकडे जावे लागते. तेथे कृष्णधवल लंडनमध्ये पाऊस पडतो आहे, मंडपात एक तरुणी पाठ फिरवून बसली आहे आणि टोकदार हनुवटीचा एक साधासा माणूस, खिशात हात घालून, पहिले पाऊल टाकण्याच्या बेतात आहे.